एका सीडीचा हिशेब

रमजानच्या बाजारात खजूर, अत्तर आणि टोप्यांच्या शेजारी नात व कव्वालीच्या सीडी मांडलेल्या आपण पाहिल्या असतील. नात म्हणजे पैगंबरसाहेबांच्या स्तुतीचे काव्य. यातल्या कित्येक सीडी मोठ्या कंपनीच्या नसतात; गावातल्याच एखाद्या गायकाने पदरमोड करून काढलेल्या असतात. पलीकडच्या आळीतले भजनी मंडळही आपल्या अभंगांची सीडी अशीच काढते. दोघांपुढे प्रश्न एकच असतो : प्रती किती काढायच्या?

सीडी दोन पद्धतींनी तयार होते. पहिली कारखान्यातली. काचेच्या गुळगुळीत तबकडीवर प्रकाशाने बदलणारा लेप देऊन त्यावर लेसरने ध्वनीच्या खुणा उमटवतात. तिच्यावरून निकेलचा साचा घेतात. या साच्यावर वितळलेले पॉलिकार्बोनेट प्लास्टिक दाबले की १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची चकती काही सेकंदांत बाहेर पडते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, मग संरक्षक लेप आणि शेवटी छपाई. दुसरी पद्धत कोरी सीडी आणून संगणकावर 'राइट' करण्याची. तिला साचा लागत नाही; लेसर चकतीतल्या रंगद्रव्यावर खुणा करतो. पन्नास-शंभर प्रतींसाठी हीच परवडते. मात्र हे रंगद्रव्य उन्हाने खराब होते.

कारखान्यातला खरा खर्च साच्याचा. आपण नमुन्यादाखल आकडे धरू. साचा आणि तयारीला १०,००० रुपये, शिवाय चकती, डबी व कव्हर मिळून प्रतीमागे १५ रुपये. ५०० प्रती काढल्या तर एक प्रत ३५ रुपयांना पडते, १,००० काढल्या तर २५ रुपयांना. साहजिकच गायक हजाराकडे झुकतो. पण खपल्या ४००च, तर? पहिल्या हिशेबात गुंतले होते १७,५०० रुपये, दुसऱ्यात २५,०००. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे खर्च आला अनुक्रमे सुमारे ४४ आणि ६२ रुपये. स्वस्त म्हणून काढलेली सीडीच महाग पडली, आणि उरलेली खोकी पलंगाखाली गेली.

या हिशेबात स्टुडिओचे भाडे, तबलजी, हार्मोनियमवाला आणि कवी अजून आलेलेच नाहीत. काटकसर नेमकी इथेच केली जाते. "नाव छापतो की तुमचं," एवढ्यावर कवीची बोळवण होते. सिनेमाच्या चालीवर नात किंवा भजन बसवणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवे. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे गेल्याशिवाय, आणि स्वामित्वधन भरल्याशिवाय, त्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येत नाही. त्यातही शब्द बदलायचे तर हक्कधारकाची संमती हवीच. सीडीवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापणेही बंधनकारक आहे.

श्रमाचा मोबदला वेळेवर द्यावा, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण रमजानच्या प्रवचनांत ऐकतो. तेव्हा कवी आणि वादकांचे पैसे आधी बाजूला काढावेत, उरलेल्या रकमेत किती प्रती बसतात ते मग पाहावे. हजाराऐवजी दोनशेच निघाल्या तरी त्या कोणाच्या देण्यात राहून निघालेल्या नसतील.