‘आले’ म्हणजे जाणें

फ्रेंच भाषेंत ‘जाणें’ ह्या अर्थाचें जें क्रियापद आहे, त्याचा उच्चार देवनागरींत जवळजवळ ‘आले’ असा लिहावा लागतो. जावयाचें असतां ‘आले’ म्हणावयाचें, ह्या गमतीला आमचा सारा वर्ग हंसला. पुढें तें क्रियापद चालविण्याची वेळ आली, तेव्हां मात्र हंसूं कोठल्या कोठें पळालें.

फ्रेंचमधील बहुसंख्य क्रियापदें एकाच वळणाचीं आहेत. ‘पार्ले’ म्हणजे बोलणें. त्याचें ‘झ पार्ल’ म्हणजे मी बोलतों, ‘नू पार्लों’ म्हणजे आम्ही बोलतों. एक साधलें कीं हजारों साधतात. ‘आले’चा शेवट लेखनांत तसाच असल्यामुळें आम्हीं मोठ्या विश्वासानें ‘मी जातों’ ह्याबद्दल ‘झाल’ लिहिलें, आणि वहीवहींत तांबडी रेघ उमटली. खरीं रूपें अशीं: झ व्हे, त्यु व्हा, ईल व्हा, नू-झालों, वू-झाले, ईल व्हों. भविष्यकाळीं तर ‘झिरे’, म्हणजे मी जाईन! ‘व्हा’, ‘आल’ आणि ‘ईर’ ह्यांचें आपसांत नातें तें काय? फ्रेंच सोडून संस्कृत घ्यावें, असें आमच्यांतील कित्येक जण त्या दिवशीं म्हणूं लागले.

नातें नाहींच, हेंच त्याचें उत्तर. येथें मुळांत निरनिराळीं क्रियापदें एका घरांत नांदत आहेत. लॅटिनमध्यें जाणें म्हणजे ‘ईरे’. त्याचीं वर्तमानकाळचीं कांहीं रूपें इतकीं तोकडीं होतीं कीं, बोलण्याच्या ओघांत तीं टिकेनात. मग लोकांनीं त्यांच्या जागीं ‘वादेरे’ हें भरदार क्रियापद बसविलें. त्यापासून ‘व्हा’चीं रूपें झालीं. ‘ईरे’ला भविष्यकाळाचा कोपरा तेवढा उरला. ‘आलों’, ‘आले’ हीं रूपें फेरफटका करणें ह्या अर्थाच्या ‘आंबुलारे’पासून आलीं, असें पुष्कळ पंडित मानतात, परंतु त्याविषयीं वाद आहे.

हें ऐकल्यावर आम्हांस आमची मराठी आठवली. ‘जातों’ हें संस्कृत ‘या’ धातूपासून आलें, आणि ‘गेलों’ हें ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. एखादा फ्रेंच मुलगा ‘मी काल जालों’ म्हणाला, तर आपण हंसूं; पण नियमाच्या दृष्टीनें चूक त्याची नसून आपल्या क्रियापदाची आहे! संस्कृताकडे पळूं पाहणाऱ्यांना तेथेंही हेंच भेटावयाचें होतें.

रूपें पाठ झालीं तरी उपयोग निराळाच. ‘ईल व्हा प्ल्यव्वार’ ह्या वाक्याचें ‘तो पाऊस पडावयास जातो’ असें भाषांतर आम्हीं केलें. खरा अर्थ, ‘आतां पाऊस पडणार’. येथें कोणीही कोठें जात नाहीं. ‘व्हा’ नजीकचा भविष्यकाळ दाखवितो. मराठींतही ‘पाऊस पडून गेला’, ‘मी विसरून गेलों’ ह्यांत पाऊल हालत नाहीं. फरक इतकाच कीं, फ्रेंच माणूस ‘जाणें’ घेऊन पुढें पाहतो आणि आपण तेंच घेऊन बहुधा झालेल्या गोष्टीकडे पाहतों. हें ध्यानांत आल्यावर तसली चूक आमच्याकडून पुन्हां झाली नाहीं.

भूतकाळीं ह्याला ‘असणें’ क्रियापदाचें साहाय्य लागतें, आणि मग कर्त्याप्रमाणें लिंग बदलतें. मराठींत ‘गेला’, ‘गेली’ हा भेद कानाला कळतो. फ्रेंचमध्यें ‘ईल एताले’ म्हणजे तो गेला, ‘एल एताले’ म्हणजे ती गेली. शेवटचा शब्द ऐकावयास तोच. स्त्रीलिंगी रूपाला लिहितांना एक अक्षर अधिक जोडावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं. ह्या मुक्या अक्षरानें शुद्धलेखनांत आमचे जितके गुण खाल्ले, तितके बाकीच्या सर्व रूपांनीं मिळूनही खाल्ले नसतील.

‘कोमांताले-वू?’ हें मात्र आम्हांस पहिल्याच दिवशीं साधलें. शब्दशः ‘तुम्ही कसे जातां?’, पण विचारणा प्रकृतीची. आपल्याकडे ‘कसें काय चाललें आहे?’ म्हणतात, तसेंच. ओळखीच्या माणसानें नुसतें ‘सा व्हा?’ म्हणून विचारलें, तर उत्तरही तेंच, ‘सा व्हा’; प्रश्न आणि उत्तर ह्यांत फरक फक्त सुराचा.