वीस हजारांच्या चिप्स किती वेळ पुरतात?

पोकरच्या स्पर्धेत तुमच्यापुढे वीस हजारांच्या चिप्स आहेत. तुमची परिस्थिती बरी की वाईट? नवखा खेळाडू उत्तरासाठी शेजाऱ्यांच्या ढिगांकडे बघतो. मुरलेला आधी भिंतीवरच्या पडद्याकडे बघतो. ब्लाइंड सध्या किती आहेत आणि पुढची वाढ किती मिनिटांनी, हे तिथं लिहिलेलं असतं. ते कळल्याशिवाय वीस हजार या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

आपल्याकडे जागरणाला रमी रंगते, दिवाळीत तीन पत्ती. पोकरची स्पर्धा म्हटली की मराठी माणसाला पणजी आठवते, मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी आठवतात. गोव्याच्या १९७६च्या जुगार कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि पाण्यावरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६मध्येच कॅसिनोचा एक कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३मध्ये रद्दच झाला. इथे अजून १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याची सोयही ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंद केली. तेव्हा साताऱ्या-सांगलीच्या वाचकाने हा लेख बिनपैशाच्या खेळासाठी, किंवा नुसत्या हिशोबाच्या आवडीने वाचावा. हिशोब मात्र फार सुंदर आहे.

स्पर्धेची रीत अशी. सगळे सारखीच फी भरतात, सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. मधेच उठून त्या खिडकीवर नेल्या तर रोख मिळत नाही. संपल्या की तुम्ही बाहेर, आणि एकाकडे सगळ्या गोळा होईपर्यंत खेळ चालू. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधोमध पाच उघडे, आणि त्या सातांतून सर्वांत चांगले पाच. आपल्या तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता लावलेली चाल. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधीच सक्तीनं भरायची रक्कम. दर डावाला एक जण छोटा ब्लाइंड भरतो, दुसरा मोठा. पुढे अँटी नावाची आणखी एक पट्टी येते, हल्ली बहुतेक ठिकाणी तीही मोठा ब्लाइंडवालाच सगळ्यांच्या वतीनं भरतो. ठरावीक वेळानं हे सगळं वाढत जातं. ते वाढलं नाही तर चांगल्या पत्त्यांची वाट बघत माणसं आठवडाभर बसतील.

म्हणून चिप्स मोजायच्या त्या ब्लाइंडमध्ये. ब्लाइंड १००-२०० असताना वीस हजार म्हणजे शंभर मोठे ब्लाइंड, अगदी ऐसपैस. १,०००-२,००० झाले की तेच वीस हजार दहावर येतात. पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनच्या बादशहानं याहून नेमकं माप सुचवलं: एका फेरीत सक्तीनं जाणाऱ्या रकमेनं आपल्या चिप्सना भागायचं. १९९५चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन यानं आपल्या पुस्तकातून हे माप घरोघरी पोचवलं. आपल्या उदाहरणात एका फेरीला १,००० अधिक २,००० अधिक अँटीचे २,०००, म्हणजे ५,००० जातात. वीस हजार भागिले पाच हजार, चार. एकही पत्ता न खेळता तुम्ही चार फेऱ्या जगाल. नऊ जणांच्या टेबलावर छत्तीस डाव. तेवढ्यात ब्लाइंड वाढणार, म्हणजे तितकेही नाहीत. हॅरिंग्टननं पट्ट्यांना रंग दिले होते: वीसच्या वर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि पाच किंवा त्याखाली लाल.

लाल पट्ट्यातला माणूस काय करतो? बहुतेक वेळा वाट बघतो. एक्क्यांची जोडी येईल, मग बघून घेऊ. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि आपल्याकडे छत्तीस आहेत. ही वाट बघणारी मंडळी स्वतःला शिस्तीची समजतात. माझ्या मते पोकरमधला हा सर्वांत महाग गैरसमज आहे.

आकडे मांडून बघू. तुम्ही बटनवर आहात, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर. आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले. मागे फक्त छोटा आणि मोठा ब्लाइंड उरलेत. मधे ५,००० पडलेत. पत्ते मध्यम, गुलाम-अठ्ठा वगैरे. तुम्ही वीसच्या वीस हजार पुढे सरकवता: ऑल-इन. धरून चालू की दहापैकी सात वेळा दोघंही पत्ते टाकतात आणि तीन वेळा मोठा ब्लाइंडवाला भिडतो. भिडतो तेव्हा त्याचे पत्ते चांगलेच असणार, म्हणून तुमच्या जिंकण्याची शक्यता ३५ टक्केच धरू. सात वेळा पाच हजार फुकट मिळाले. सरासरी डावामागे ३,५००. भिडला तर मधे ४३,००० जमतात. त्यांचे ३५ टक्के १५,०५०, तुम्ही लावले वीस हजार, म्हणजे ४,९५०चा तोटा. तो दहात तीनदा, सरासरी १,४८५. वजा करा: दर डावाला दोन हजारांवर फायदा. पत्ते मध्यम, भिडल्यावर बहुधा हार, आणि तरी चाल नफ्याची. हा नफा पत्त्यांनी दिलेला नाही, समोरच्यानं पत्ते टाकण्याच्या शक्यतेनं दिलाय.

आता हाच माणूस वाट बघत बसला आणि सहा हजारांवर आला. आता त्यानं ऑल-इन केलं तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला भिडायला आणखी फक्त ४,००० लागतात आणि मधे ११,००० आहेत. त्याला २७ टक्के शक्यता पुरते, आणि एवढी जवळपास कुठल्याही दोन पत्त्यांना असते. वीस हजारांच्या ऑल-इनला भिडायला त्याला ४२ टक्के लागत होते, तेव्हा त्याला विचार करावा लागायचा. सहा हजारांना तो पत्ते न बघताही भिडेल. तुमच्याकडचा धाक संपला. चिप्स निम्म्याहून कमी झाल्या, पण ताकद त्याहून कितीतरी जास्त घटली.

इथं कुणीतरी जॅक स्ट्रॉसचं नाव काढतंच. १९८२च्या जागतिक स्पर्धेत तो सगळं हरून उठला, तर रुमालाखाली एक चिप सापडली, ती घेऊन बसला आणि अजिंक्य ठरला, अशी कथा सांगतात. तो जिंकला हे खरं. पण त्या एका गोष्टीनं किती जणांना शेवटच्या चिपपर्यंत निवांत बसायला शिकवलं असेल, याचा विचार करवत नाही.

छोट्या ढिगाचा धाक शिल्लक असतानाच तो वापरायचा, हे समजायला मला औंधचं उदाहरण सापडतं. पंतप्रतिनिधींचं हे संस्थान पाचशे चौरस मैलांचं, अवघ्या ७२ गावांचं, तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, गुणदाळ तर थेट विजापूरकडे. संस्थानांच्या टेबलावर म्हैसूर, हैदराबाद, बडोदा असे डोंगराएवढे ढीग रचलेले. काळ तर ब्लाइंडसारखा चढतच होता; राजेशाही टिकणार नाही हे दिसणाऱ्याला दिसत होतं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९मध्ये स्वतः होऊन सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर आणि राजपुत्र आप्पा पंत यांची धडपड तिच्यामागे होती, आणि गांधीजींचं मार्गदर्शन. नऊ वर्षांनी, मार्च १९४८मध्ये, औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या सुमाराला एकामागून एक संस्थानं विलीन होत होती, तेव्हा सत्ता सोडण्यात कसलंच वजन उरलं नव्हतं. १९३९मध्ये होतं, म्हणून तर एवढ्याशा संस्थानाचा ‘औंधचा प्रयोग’ आजही अभ्यासला जातो. तुलना पुरती जुळत नाही हे कबूल. राजानं काही जिंकायला चिप्स सरकवल्या नव्हत्या. पण वेळ त्यानं अचूक निवडली.

पंधरा ते तीस ब्लाइंडचा मधला ढीग मला खेळायला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याबद्दल लिहिणारेही घाईनं पुढे सरकतात. यात थेट ऑल-इन करायला रक्कम जरा जास्त असते आणि फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते, बघत रेंगाळायला कमी. त्याचं हत्यार म्हणजे दुसऱ्यानं वाढवल्यावर ऑल-इन. ब्लाइंड तेच, १,०००-२,०००. कुणी ४,५००वर नेलं. मधे आता ९,५०० आहेत. तुमच्याकडे ३६ हजार. सगळे सरकवले आणि त्यानं टाकलं, तर एका चालीत पाव ढीग वाढला. मात्र हे त्याच्याविरुद्धच, जो पुष्कळ पत्त्यांवर वाढवतो आणि टाकूही शकतो. म्हातारा, शांत, तासाभरात पहिल्यांदाच वाढवणारा गृहस्थ असेल तर नमस्कार करून बाजूला व्हावं.

शंभर ब्लाइंडांच्या वर खेळ निराळाच होतो. इथे ऑल-इनची भाषा चालत नाही. इथे पंज्यांच्या जोडीसारखे छोटे पत्तेही मोलाचे, कारण फ्लॉपवर तिसरा पंजा पडला तर समोरच्याचा सगळा ढीग ओढता येतो. तिसरा पंजा साधारण साडेआठ वेळांत एकदा पडतो. आणि इथंच लोक फसतात. ते आपला ढीग मोजतात, समोरच्याचा नाही. ब्लाइंड १००-२००, समोरच्याकडे सगळे मिळून तीनच हजार आहेत आणि त्यानं ५००वर नेलंय, असं समजा. साडेसात वेळा ५०० घालवायचे, म्हणजे ३,७५०. आणि एकदा पंजा पडला, त्याचे सगळेच्या सगळे आले, तरी ब्लाइंड-अँटीसकट ३,५००. तुमच्यापुढे लाखाचा ढीग असेना, त्या डावात तुम्हीही तीन हजारांचेच मालक. दोघांत ज्याचा ढीग लहान, तेवढ्याचाच डाव.

आता बक्षिसांकडे. स्पर्धेत अर्ध्या चिप्स तुमच्याकडे आहेत म्हणून अर्धं बक्षीस तुमचं होत नाही. मेसन माल्मुथनं १९८०च्या दशकात पोकरसाठी मांडलेला हिशोब हेच सांगतो: प्रत्येकाच्या चिप्सवरून पहिला, दुसरा, तिसरा येण्याची शक्यता काढायची आणि बक्षिसांनी गुणायचं. तिघं उरलेत. बक्षिसं ५० हजार, ३० हजार, २० हजार रुपये. अ-कडे ५० हजार चिप्स, ब-कडे ३०, क-कडे २०. हिशोब केला तर अ-च्या ढिगाची किंमत ३८,३९३ रुपये, ब-ची ३२,७५० आणि क-ची २८,८५७. चिप्सचा पाचवा हिस्सा असलेल्या क-ला पैशातला चौथ्याहून मोठा हिस्सा. मोठ्या ढिगातली शेवटची चिप छोट्या ढिगातल्या पहिल्या चिपेपेक्षा स्वस्त असते.

याचा सगळा जाच ब-ला होतो. अ-नं त्याच्यावर ऑल-इन केलं. ब भिडून हरला तर तिसरा, २० हजार रुपये. जिंकला तर त्याच्याकडे ६० हजार चिप्स, किंमत ४१ हजार रुपये. पत्ते टाकले तर ब्लाइंड सोडून ३२,७५० हातात आहेतच. म्हणजे भिडायला त्याला ६१ टक्के शक्यता हवी. नुसत्या चिप्सच्या हिशोबानं पन्नास पुरले असते. आता समजा ब-कडे दहिल्यांची जोडी आहे आणि अ-नं आपले एक्का-राजा चक्क उघडून दाखवले. दहिल्यांची जोडी एक्का-राजाला साधारण ५७ टक्के वेळा हरवते. ब पुढे आहे, त्याला ते दिसतंय, आणि तरी त्यानं पत्ते टाकायला हवेत! अ-ला मात्र अशाच भिडण्यासाठी ५४ टक्के पुरतात, कारण तो हरला तरी वीस हजार चिप्स घेऊन खुर्चीवर असतो. मोठ्या ढिगाची ताकद ही आहे. म्हणून जाणता मोठा खेळाडू मधल्यांना छळतो; सगळ्यांत लहान ढिगाच्या वाटेला उगाच जात नाही, कारण त्याला गमावण्यासारखं फारसं नसतं, तो भिडतो. मोठा ढीग म्हणजे कुठल्याही पत्त्यांवर भिडायचा परवाना असं समजणारेही असतात. धमकावणं आणि भिडणं यांतला फरक त्यांना ढीग निम्मा झाल्यावर कळतो.

या हिशोबाचं टोक बघायचं तर सॅटेलाइट बघा. थोड्या फीची ही स्पर्धा, आणि बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा. अमेरिकेतल्या टेनेसीचा हिशोबनीस ख्रिस मनीमेकर २००३मध्ये असाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून दहा हजार डॉलर फीच्या जागतिक स्पर्धेत शिरला आणि ८३९ जणांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. सॅटेलाइटमध्ये दहा जागा असतील तर पहिला आणि दहावा सारखेच. अकरा जण उरलेत, तुमचा ढीग दुसऱ्या क्रमांकाचा, हातात एक्क्यांची जोडी, आणि पहिल्या क्रमांकाच्या ढिगानं तुमच्यावर ऑल-इन केलं. एक्के शंभरात ऐंशीच्या वर वेळा जिंकतील. जिंकून काय मिळेल? जी जागा जवळजवळ मिळालेलीच आहे तीच. हरलात तर ती गेली. एक्के टाकायचे, चेहऱ्यावर काही न दाखवता. खेळातले सर्वांत चांगले पत्ते सुरुवातीलाच टाकणं बरोबर ठरतं अशी दुसरी जागा मला पोकरमध्ये आठवत नाही.

नेहमीच्या स्पर्धेत हा सगळा जाच एका क्षणी अचानक संपतो. तिसरा बाहेर पडला की दुसऱ्याचं बक्षीस दोघांच्याही खिशात पक्कं असतं, आणि पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकासाठीच खेळायचं उरतं. तिथे अर्ध्या चिप्स म्हणजे त्या फरकाचा नेमका अर्धा भाग. दहिल्यांची जोडी आता बिनधास्त भिडते. बघायचे ते फक्त पडद्यावरचे ब्लाइंड, आणि दोघांतल्या लहान ढिगात ते किती बसतात.