परदेशातला बंगला, अठरा माणसे आणि पोहण्याचा तलाव

एक मुलगा लंडनला, मुलगी जर्मनीत, धाकटा पुण्यात आणि आईवडील गावी, हे चित्र आता जिल्ह्याच्या ठिकाणीही नवे राहिलेले नाही. मग वडिलांच्या पंचाहत्तरीचे निमित्त होते, मुले रजा जुळवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळे मिळून इटली, फ्रान्स किंवा स्पेनमध्ये एक बंगला भाड्याने घेतात. तिकडे त्याला व्हिला म्हणतात. इटलीतल्या टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांच्या मधोमध असे जुने दगडी बंगले आठवड्याच्या भाड्याने मिळतात, बहुधा शनिवार ते शनिवार. सहा-सात खोल्या, मोठे स्वयंपाकघर आणि अंगणात स्विमिंग पूल. आजीच्या हातची आमटी मिळते, एरवी फोनवरच भेटणारी चुलत-आते भावंडे एकत्र हुंदडतात. कल्पना उत्तम आहे.

निघण्यापूर्वी मंडळी दवाखान्यात येतात ती दोन प्रश्न घेऊन. "तिकडचे पाणी बाधेल का?" आणि "जुलाबाच्या गोळ्या कोणत्या न्याव्यात?" या तिन्ही देशांत नळाचे पाणी सर्वसाधारणपणे पिण्यायोग्य असते आणि जुलाबासाठी क्षार-साखरेची पाकिटे बरोबर असली की पुष्कळ झाले. खरा विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे. त्या तलावाला कुंपण आहे का? तो मात्र कोणी विचारत नाही.

सार्वजनिक तरणतलावावर जीवरक्षक असतो. खाजगी बंगल्याच्या तलावावर कोणीही नसतो. स्वयंपाकघराच्या दारापासून दहा-पंधरा पावलांवर पाणी, तेही एका टोकाला कमरेइतके आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाईल इतके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. चालायला लागलेले, पण धोका न कळणारे मूल पाण्याकडे ओढले जाते, मग ती गावची विहीर असो की परदेशातला निळा तलाव.

बुडणारे मूल ओरडते, हातपाय आपटते, ही समजूत सिनेमाने करून दिलेली आहे. प्रत्यक्षात लहान मूल बहुधा आवाज न करता बुडते. श्वास घेण्याचीच धडपड चाललेली असते, ओरडायला हवा कुठून आणणार? मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध हरपते आणि प्राणवायूवाचून चार-सहा मिनिटे गेली की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कांदा चिरून होईपर्यंतचा हा वेळ.

आता यात एकत्र कुटुंबाचा संबंध काय? घरात एकटी आई आणि एक मूल असेल तर आईला ठाऊक असते की लक्ष आपणच ठेवायचे आहे. अठरा माणसांत प्रत्येकाला वाटते, कोणीतरी बघतच असेल. आईला वाटते आत्या आहे, आत्याला वाटते काका खुर्चीत बसलेत, आणि काका वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पेंगत असतात. आपल्याला ज्या गजबजाटाचा आधार वाटतो, तोच येथे दगा देतो. सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे जेवण मांडण्याची आणि निघण्या-पोहोचण्याची. सामान उतरवण्यात सगळे गुंतलेले असतात, दारे सताड उघडी आणि मुलांना नवे घर पाहायची घाई.

यावर उपाय आहे तो अगदी घरगुती. पाळी लावावी. लग्नघरात आपण वाढप्यांच्या पाळ्या लावतोच की! पंधरा-वीस मिनिटांची एकेकाची पाळी, ज्याला पोहता येते अशा मोठ्या माणसाची. त्या वेळात हातात मोबाईल नको, पुस्तक नको, बिअरचा ग्लास तर नकोच. गळ्यात एखादी शिट्टी किंवा खांद्यावर ठराविक रंगाचा पंचा ठेवावा आणि पाळी संपली की तो पुढच्याच्या हातात "आता तुझ्याकडे" असे म्हणून द्यावा. ज्याच्याकडे पंचा, त्याची जबाबदारी. दहा वर्षांच्या ताईवर धाकट्यांना सोपवण्याची आपली जुनी सवय येथे चालणार नाही. हवा भरलेल्या दंडपट्ट्या आणि रबरी चक्रे ही खेळणी आहेत, रक्षण करणारी साधने नव्हेत.

बंगला ठरवतानाच मुलाला मालकाशी बोलायला सांगावे. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ रोजी कायदा करून खाजगी तलावांना सुरक्षासाधन सक्तीचे केले. मात्र कुंपण, धोक्याची घंटा, वर ओढण्याचे आच्छादन किंवा छत यांपैकी कोणतेही एक असले तरी कायदा पाळला जातो. नुसती घंटा असली तर ती मूल पाण्यात पडल्यावर वाजणार, हे लक्षात घ्यावे. लहान मुले असतील तर आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचे कुंपण असलेलाच बंगला घ्यावा. इतर देशांत नियम निरनिराळे आहेत, म्हणून फोटोवर न विसंबता स्पष्ट विचारावे.

एवढे करूनही मूल बुडालेच तर आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे त्याला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत शिरते. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करावी, युरोपातल्या पद्धतीनुसार आधी पाच. मग ३० वेळा छाती दाबणे व २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ हा क्रमांक फिरवावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तो चालतो आणि पैसे पडत नाहीत. हे वाचून येत नाही, हातानेच शिकावे लागते. निघण्यापूर्वी घरातल्या दोघा-तिघांनी तासभर प्रशिक्षण घ्यावे.

"कोणीतरी बघेल" याचा दुसरा फटका वडीलधाऱ्यांना बसतो, तो गोळ्यांच्या बाबतीत. एरवी आजोबा सकाळी आठला स्वतःच्या हाताने गोळी घेतात. तेथे घड्याळ साडेतीन तास मागे, सून विचारते, लेक विचारते. मग एक तर दोघीही देतात किंवा कोणीच देत नाही. वारांची नावे असलेला गोळ्यांचा डबा एकीच्याच ताब्यात असावा. मधुमेह असणाऱ्या आजींची काळजी अधिक. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाला होते. संध्याकाळची साखरेची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीच्या वेळी घेऊन आजी सर्वांबरोबर ताटकळत बसल्या तर साखर उतरून घाम फुटतो, भोवळ येते. सासूबाई लाजेने मागणार नाहीत. त्यांना वेळेवर पोळी-भाजी आधी वाढावी. इन्शुलिन विमानात हातातल्या पिशवीतच न्यावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर खराब होते.

उन्हाचे म्हणाल तर "आम्ही विदर्भाची माणसे, आम्हाला तिकडचे ऊन काय?" असे म्हणू नये. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्धच अधिक होते. या जुन्या घरांना अनेकदा वातानुकूलन नसते. दिवसा खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद व रात्री उघड्या, ही तिथल्या लोकांची रीत पाळावी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात मात्रा तीच ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारून निघावे.

विमानप्रवासात पायांतल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका चार तासांपुढे सुमारे दुपटीने वाढतो. मुळात तो थोडा असतो, तरी दर तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा आरोग्यविमा लागतोच. पण आधीचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून घ्यावे.

बंगल्यावर पोहोचल्यावर पेट्या उघडण्याआधी एक कागद फ्रिजवर चिकटवावा. बंगल्याचे नाव, गाव, रस्ता, मालकाचा फोन आणि ११२. मळ्यातल्या कच्च्या वाटेवरचा पत्ता घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. आणि रोज संध्याकाळी, पोहणे संपले की, तलावातले चेंडू, बदके, रबरी चक्रे बाहेर काढून खोलीत ठेवावीत. पहाटे सगळे झोपेत असताना दोन वर्षांचे पोर उठते ते त्या तरंगणाऱ्या बदकाकडेच जाते. त्या वेळी पाळीवर कोणी नसते, म्हणून फाटकाची कडी रात्री शेवटी झोपणाऱ्याने स्वतः ओढून पाहावी.