शेतजमिनीतील अतिक्रमण व नासधूस : मुदतीत दाद मागणे अगत्याचे

मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेने सीमा बदलल्या. परंतु नोकरी वा शिक्षणानिमित्त हैदराबादेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच राहिली. बिऱ्हाड चिक्कडपल्लीसारख्या वस्तीत आणि वडिलोपार्जित शेत नांदेड किंवा धाराशिव जिल्ह्यात, अशी त्यांची स्थिती असते. मालक दूर असला की बांध कोरला जातो, गुरे पिकात शिरतात, झाडे तोडली जातात, कुंपणाची तार नाहीशी होते. गावात राहणाऱ्या शेतकऱ्यासही हे अनुभव नवे नाहीत. अशा प्रसंगी कायद्याचे संरक्षण उपलब्ध आहे; मात्र ते मुदतीत दाद मागणाऱ्यासच लाभते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

हद्द व दप्तर

हद्द निश्चित नसेल तर अतिक्रमण सिद्ध करणे कठीण होते. यास्तव तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे शुल्क भरून मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या खातेदारांस नोटीस देऊन मोजणी होते व तिचा नकाशा मिळतो. हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये जमीनधारकावरच आहे. सातबारा उतारा दरवर्षी पाहावा. २०२१ पासून पीक पाहणीची नोंद भ्रमणध्वनीवरून करता येते. ती चुकवू नये.

सहा महिने व बारा वर्षे

कोणी बेकायदेशीरपणे जमिनीचा ताबा घेतला, वहिवाटीचा रस्ता अडविला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून शेताचे नुकसान केले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दावा करता येतो. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत हा दावा दाखल झाला पाहिजे. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात ताबा परत मागण्याची मुदतही सहा महिनेच आहे. ही मुदत टळली तरी मालकी हक्काच्या आधारे दावा करता येतो. पण त्यास अधिक काळ व खर्च लागतो.

उघडपणे व मालकाचा हक्क नाकारून दुसऱ्याने सलग बारा वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा हक्कच संपुष्टात येऊ शकतो. असा ताबेदार स्वतः वादी होऊनही हक्क सांगू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. परगावी राहणाऱ्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

फौजदारी उपाय

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३२९ अन्वये फौजदारी स्वरूपाच्या अतिक्रमणास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चुकून शेतातून जाणारा मात्र गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. नासधुशीस कलम ३२४ लागू होते. नुकसान एक लाख रुपये वा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शासकीय हद्दखूण हलविणे, शेतीचे पाणी तोडणे, पिकास आग लावणे यांस कलम ३२६ मध्ये स्वतंत्र शिक्षा आहेत.

नुकसान दिसताच छायाचित्रे घ्यावीत, तलाठ्यास (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी कळवून पंचनाम्याची विनंती करावी आणि पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत जपून ठेवावी. पिकात शिरलेले जनावर मारू वा डांबू नये. ते ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात देऊन पावती घ्यावी.

टाळावयाची गोष्ट

कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात शेजाऱ्याचा, वाटसरूचा किंवा घरच्याच माणसाचा जीव जाऊ शकतो. मग फिर्यादी होता होता मालकच आरोपी ठरतो. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्याने दिला आहे. पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही.

परगावी राहणाऱ्या मालकांनी गावातील विश्वासू नातलगास लेखी अधिकारपत्र द्यावे व वर्षातून एकदा तरी बांधावर जाऊन यावे. गावातील शिक्षकांनी अर्ज लिहिण्यास साहाय्य केले, आणि ग्रामपंचायतीने बांधाचे तंटे आरंभीच सामोपचाराने मिटविले, तर अनेक कुटुंबांची कचेरीतील हेलपाट्यांतून सुटका होईल.