तिरळेपणाचे ऑपरेशन : आधी लोलकाचे माप

"तिरळा डोळा भाग्याचा," असे अजूनही घरोघरी म्हणतात. भाग्याचा इथे काही संबंध नाही. दोन डोळे दोन दिशांना बघू लागले की लहान मुलाचा मेंदू एका डोळ्याचे चित्र बाजूला टाकतो आणि तो डोळा मंद होत जातो. म्हणून आम्ही सांगतो, वाट बघत बसू नका, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर आधी चष्मा देतात. एक डोळा मंद असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. तरीही तिरळेपणा उरला तर ऑपरेशन सुचवतात. डोळे आत वळलेल्या काही मुलांना त्याआधी चष्म्याच्या काचेवर बारीक रेघांचे पातळ प्लॅस्टिक चिकटवून देतात. हा फ्रेनेल प्रिझम, म्हणजे लोलक. तो ऑपरेशन टाळण्यासाठी नसतो. शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो, तसे हे माप आहे.

लोलक प्रकाशाची वाट वळवतो. 1 नंबरचा लोलक 1 मीटरवरची वस्तू 1 सेंटिमीटर सरकवून दाखवतो. त्यामुळे डोळा तिरळा असूनही दोन्ही डोळ्यांना चित्र जागेवर दिसते. एक-दोन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा तपासतात. काही मुलांचा डोळा लोलकामागे आणखी आत वळतो. घाबरू नका, दडलेला तिरळेपणा बाहेर आलेला असतो. मग नंबर वाढवतात. माप स्थिर झाले की स्नायू किती सरकवायचा हे त्यावरून ठरवतात. अमेरिकेत 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे माप घेऊन केलेल्या ऑपरेशनचे निकाल अधिक चांगले दिसले. मात्र प्रत्येक मुलाला लोलक लागतोच असे नाही.

लोलकातून थोडे धूसर दिसते, म्हणून मूल चष्मा काढून ठेवते. समजावून सांगा, पण चष्मा घालू द्या. शाळेत बाईंना सांगून पुढच्या बाकावर बसवा. तपासणीची तारीख चुकवू नका, नाहीतर माप अर्धवट राहते.

ऑपरेशनात डोळा बाहेर काढत नाहीत, बाहेरच्या स्नायूंवरच काम होते. त्यानंतरही चष्मा लागू शकतो.

सरकारी आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.