एका बल्बच्या उजेडात ०.९५

दशावताराच्या रंगपटात फ्लॅश मारायचा नाही, ही कंपनीच्या मालकांची एकच अट होती. "फोटो काढा, पन ती लाईट डोळ्यार मारू नकात," एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले. अट रास्त होती. देवळामागच्या पडवीत एकच बल्ब लोंबत होता. त्याखाली नट मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा आरसा. भुवईची रेघ ओढताना आरशातून फ्लॅश डोळ्यांत शिरला, की बराच वेळ त्या माणसाला नुसते रंगीत ठिपके दिसत राहतात. आणि दशावतारात वेगळा रंगभूषाकार नसतो. ज्याचा चेहरा त्यानंच रंगवायचा.

मी तिथं गेले ती एका छायाचित्रापायी. तालुक्याच्या बाजारात छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या एका तरुण फोटोग्राफरनं ते आधीच्या हंगामातल्या जत्रेत काढलं होतं. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाचा चेहरा, अर्धा रंगलेला. एक डोळा राणीचा, दुसरा अजून शेतातून आलेल्या माणसाचा. उजेड बल्बचाच, पिवळा, एका बाजूनं उतरणारा. रंगपटातले फोटो मी पुष्कळ पाहिलेत. ते फ्लॅशनं पांढरेफटक पडलेले असतात, नाहीतर अंधाराशी झगडून रवाळ झालेले. हा तसा नव्हता. या फोटोत ती पडवी होती तशी होती.

"लेन्स ०.९५ ची आहे, ताई," तो म्हणाला. "बावीस हजारांची."

हे दोन आकडे एका दमात ऐकायला मिळतील असं काही वर्षांपूर्वी कुणी म्हटलं नसतं. कॅननची ५० मिलिमीटर एफ/०.९५ लेन्स १९६१ मध्ये आली. हौशी लोक आजही तिला 'ड्रीम लेन्स' म्हणतात आणि जुन्या बाजारात तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. लायकाची नॉक्टिलक्स २००८ मध्ये ०.९५ वर आली, ती श्रीमंतांसाठीच. निकॉननं २०१९ मध्ये ५८ मिलिमीटरची नॉक्ट काढली, तिचं वजन दोन किलो आणि अमेरिकेतली तेव्हाची किंमत आठ हजार डॉलर. मग चिनी कंपन्यांनी हाच आकडा गावातल्या स्टुडिओवाल्याच्या हाताशी आणून ठेवला. त्याच्याकडची ३५ मिलिमीटरची, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली. हातात घेतली तर सगळी धातूची, गार आणि जड.

०.९५ म्हणजे काय, तर लेन्सच्या नाभीय अंतराला प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या व्यासानं भागलं की येणारा आकडा. पस्तीसला ०.९५ नं भागा, छिद्र सुमारे ३७ मिलिमीटरचं निघतं; लेन्सच्या नाभीय अंतराहूनही मोठं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सचं छिद्र लांबच्या टोकाला ५.६ वर अडतं. तिच्या तुलनेत ही लेन्स जवळजवळ ३५ पट उजेड आत घेते. जाहिरातीत हाच हिशेब असतो आणि तो खोटा नाही. पण गिऱ्हाइकानं दुसराही हिशेब मांडायला हवा. एफ/१.८ च्या साध्या लेन्सच्या तुलनेत हा उजेड साडेतीन पट भरतो आणि १.४ च्या तुलनेत दुपटीहून जरा जास्त. दुप्पट उजेड म्हणजे आयएसओची एक पायरी. त्या एका पायरीसाठी काय काय सोडावं लागतं, ते मला त्या पडवीत बघायचं होतं.

पहिली गोष्ट सुटते ती ऑटोफोकस. लेन्समध्ये मोटर नाही, चिप नाही. ती स्वस्त पडते ती त्यामुळेही. लेन्स लावली आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही, म्हणून मेनूत जाऊन 'लेन्स नसली तरी शटर चालव' अशी परवानगी द्यावी लागते. किती अॅपर्चरवर फोटो काढला याची नोंदही फाइलीत उमटत नाही. तो खिशातल्या वहीत लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट सुटते ती खोली. इतकं मोठं छिद्र उघडलं, की मीटरभर अंतरावर जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीची जागा स्पष्ट येते. पापणीवर फोकस धरला तर नाकाचा शेंडा गेला, कान तर केव्हाच गेला. पुन्हा माणूस पुतळा नसतो. नट पुढंमागं हलतो, गुडघ्यांवर बसलेला फोटोग्राफरही हलतो, आणि श्वास घेतला तरी कॅमेरा बोटभर सरकतो. फोकस लागला की कडांना लाल रेघ दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात आहे, पण बल्बच्या मंद उजेडात ती गालाच्या सुरकुतीलाही लाल करते आणि पापणीलाही. तिच्यावर विसंबून काढलेले फोटो घरी जाऊन बघितले की रडू येतं, असं तो म्हणाला. म्हणून तो चित्र मोठं करून डोळ्याच्या बुबुळात बल्बचं प्रतिबिंब शोधतो आणि अंगठा-तर्जनीनं रिंग केसभर फिरवतो.

"दहात तीन," तो म्हणाला. "दहा फोटो काढले तर तीन लागतात. चांगल्या दिवशी."

दहात तीन. हा आकडा मला कुठल्याच जाहिरातीत दिसला नव्हता, आणि घेण्याआधी खरं तर हाच विचारायला हवा. लग्नात दहात तीन चालत नाही. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण पुन्हा येत नाही. मुलीची पाठवणी दुसऱ्यांदा होत नाही. त्यानं ही लेन्स घेतली होती ती लग्नांसाठीच, कारण गिऱ्हाईक येऊन सांगतं, "बॅकग्राउंड पूर्ण उडवा." आता लग्नात तो एफ/१.८ ची ऑटोफोकस लेन्स लावतो आणि तिच्यावरच त्याचं घर चालतं. ०.९५ ची पेटीत राहते.

रंगपटात मात्र ती बाहेर येते, आणि का येते ते मला त्या स्त्रीपार्टीच्या नटाकडे बघताना समजलं. वय पन्नाशीच्या पुढं असेल. दिवसा बागायत, हंगामात रात्री राणी. आधी चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात बसला, मग गालांवर लाली चढली. हे सगळं भराभर झालं, शेजारच्याशी जत्रेच्या गप्पा मारत. मग त्यांनी काजळाची काडी घेतली आणि बोलणं थांबलं. आरसा डाव्या हातात. डावं कोपर गुडघ्यावर रोवलेलं. खालचा ओठ किंचित सुटा. उजव्या हाताची करंगळी हलकेच गालाच्या हाडावर टेकली आणि त्या करंगळीच्या आधारानं काडी पापणीच्या कडेकडेनं सरकू लागली. त्यांनी श्वास रोखला होता. गळ्याजवळची शीरही हलत नव्हती. रेघ कानाच्या दिशेनं बाहेर ओढली, टोक वर उचललं, आणि मगच करंगळी सुटली, श्वास सुटला, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य पुढं चालू झालं.

फोटोग्राफर त्या करंगळीचीच वाट बघत होता. ती टेकली की डोकं, हात, आरसा सगळं एकमेकांना बांधलं जातं. त्याच क्षणी तोही श्वास रोखायचा आणि शटर दाबायचा. "करंगळी टेकली की दहात सात," तो नंतर म्हणाला. नटाला हे ठाऊक नव्हतं. ते आपली रेघ सांभाळत होते. मी त्या रात्री पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्यात येऊन बसले. इतक्या रुंद उघडणाऱ्या लेन्सला स्थिर माणूस लागतो. तो बसवून मिळत नाही, मन लावून काम करताना आपोआप मिळतो.

स्टॅनली कुब्रिकनं १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात जे प्रसंग चित्रित केले, त्यातही हेच होतं. त्याच्या हाती झाइसची ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्स होती, मुळात नासासाठी बनवलेली. जगात अशा लेन्स दहाच. त्या बसवण्यासाठी कॅमेरा बदलावा लागला, आणि फोकस इतका नाजूक, की नट किती पुढंमागं होतो हे टिपायला बाजूनं वेगळा व्हिडिओ कॅमेरा लावला होता. पडद्यावरची माणसं पत्त्यांच्या टेबलाभोवती इतकी संथ बसलेली दिसतात, त्यामागं ही खोलीची टंचाईही आहे. एवढा पैसा आणि एवढी माणसं दिमतीला असूनही जे सुटलं नाही, ते बावीस हजारांत सुटेल अशी आशा धरणं या लेन्सवरच अन्याय आहे.

रंगमंचावर ती पार हरली, हे एका वाक्यात सांगून टाकते. संकासुर काळ्या वेषात आला तेव्हा त्याची लोंबती लाल जीभ स्पष्ट आणि डोळे धुक्यात. आणि नंतरच्या युद्धात तर पायपेटी आणि मृदंगाच्या तालावर फिरणाऱ्या राजांना कुणी हातानं फोकसमध्ये धरू शकेल असं मला वाटत नाही. देवळापुढं झगझगीत दिवे होते, तिथं ०.९५ ची गरजही नव्हती. त्यानं दुसरी लेन्स लावली.

सकाळी स्टुडिओत मोठ्या पडद्यावर फोटो बघितले. रंगपटात आयएसओ ८०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर भागलं होतं. किट लेन्सनं त्याच जागी पंचवीस हजारांच्या पुढं नेलं असतं. त्वचेचा रंग शाबूत, अंधार काळाभोर, दाणे जवळजवळ नाहीत. उजेडाच्या बाबतीत दिलेला शब्द लेन्सनं पाळला होता. पण नथीच्या मोत्यांना जांभळी कड आली होती, लुगड्याच्या जरीला मागच्या बाजूनं हिरवी झाक, आणि आरशात पडलेल्या बल्बाभोवती दुधाळ वलय. फोटोच्या कोपऱ्यांत तर काही धड नव्हतं. लेन्सच्या कडेकडेनं येणारे किरण मधल्या किरणांबरोबर एका ठिकाणी जुळत नाहीत, म्हणून पूर्ण उघड्या छिद्रावर सगळ्यावर पातळ साय धरते. महागड्या लेन्समध्ये ते किरण जुळवायला जादा काच आणि जादा घडणावळ जाते; किंमत त्याची असते.

या सायीला 'स्वप्नवत' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच चेहऱ्याचे काही फोटो त्यानं अॅपर्चर २ वर नेऊन काढले होते. त्यांत पांढऱ्या रंगाखालचे दाढीचे खुंट दिसत होते, घामानं रंगाला गेलेली बारीक चीर दिसत होती, काजळाच्या रेघेचा हात किती सरळ आहे ते दिसत होतं. हे त्या माणसाचं कसब आहे. ०.९५ वर ते गुळगुळीत होऊन जातं. एवढ्या मेहनतीनं जी रेघ ओढली, ती स्पष्ट दिसायला नको का? स्वतःच्या पैशानं घ्यायची झाली तर मी १.४ ची ऑटोफोकस लेन्स घेईन. ०.९५ त्यानं घ्यावी ज्याला असा एखादा कोपरा माहीत आहे, तिथं बसायला वेळ आहे, आणि दहातले सात वाया गेले तरी जो कुणाचं देणं लागत नाही.

पण माझ्या मतापेक्षा त्या नटाचं मत मोलाचं ठरलं. दुपारी ते बाजाराला आले होते, वाटेत स्टुडिओत डोकावले. चेहरा धुतलेला, काजळ मात्र डोळ्यांच्या कडांना अजून थोडं उरलेलं. फोटोग्राफरनं आपला सगळ्यात आवडता फोटो लावला, पूर्ण ०.९५ वरचा. ते पुढं वाकून बघत राहिले. स्वतःचा चेहरा त्यांनी क्षणभरच बघितला. मग त्यांचं बोट चेहऱ्यामागच्या तपकिरी धुरळ्यावर गेलं.

"पेटारो खंय गेलो?"

त्यांच्या पाठीशी कंपनीचा पेटारा होता. वेष, मुकुट आणि गणपतीचा मुखवटा ज्यात राहतो, आणि ज्याला हात जोडल्याशिवाय त्या रात्री कुणी तोंडाला रंग लावला नव्हता, तो. लेन्सनं तो उडवून टाकला होता. शेजारी बसलेला राजापार्टीचा नटही गेला होता, खुंटीवरचे वेषही. उरला होता तो सुंदर, एकटा चेहरा. कुठल्या गावचा, कुठल्या कंपनीचा, काही कळायला मार्ग नाही. फोटोग्राफर ओशाळला नाही, वाद घालत बसला नाही. त्यानं वही काढली आणि पुढच्या जत्रेची तारीख विचारून घेतली.

त्या जत्रेतला फोटो त्यानं मला पाठवला आहे. लेन्स तीच, पण अॅपर्चर २.८ वर आवळलेलं. उजेड जवळजवळ नवव्या हिश्शावर आला, म्हणून आयएसओ ८०० वरून ६४०० वर न्यावा लागला. अंधारात दाणे आहेत, लपत नाहीत. करंगळी गालावर टेकलेली, रेघ अर्धी ओढलेली, आणि मागं थोडासा मऊ पण ओळखू येईल असा पेटारा, त्याच्यावर वाहिलेल्या फुलांसकट. नटानं तोच फोटो बारा बाय अठरामध्ये मागितला आहे. एक स्वतःच्या घरी, एक मालकांसाठी.