ऑडिओ सॉफ्टवेअर कोसळतंय? आधी वही उघडा

फील्डवर्कचा व्हिडिओ बनवताना ऑडिओचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं की बहुतेक जण एकच करतात. संगणक रिस्टार्ट करायचा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं, दोन सेटिंग बदलायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. कधी कधी चालतंही. पण का चाललं ते कळत नाही, म्हणून आठवड्याने तोच प्रकार पुन्हा होतो. मी तुम्हाला सुचवेन की या कोसळण्याकडे संशोधनातला एक छोटा प्रश्न म्हणून बघा. पीएचडीला लागण्याआधी पद्धत शिकायची याहून स्वस्त संधी मिळणार नाही.

एक उदाहरण धरून चालू. समजा तुम्ही तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला खंडोबाच्या जागरणाचं रेकॉर्डिंग केलंय. वाघ्या-मुरळी, दिमडी, तुणतुणं, घोळ, आणि रात्रभर चाललेली गाणी. इथल्या खंडोबाची मूर्ती वर्षाचा मोठा भाग अणदूरला आणि उरलेला काळ शेजारच्या नळदुर्गला असते. म्हणजे मूर्तीच्या जाण्यायेण्याचा प्रसंग हुकला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. आणि त्या रात्री गायलेल्या म्हाताऱ्या वाघ्याचा आवाज पुढच्या वर्षी तसाच मिळेल याची खात्री कोण देणार? सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, ती रात्र नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सामग्री वाचवा, मग कारण शोधा.

आधी काय वाचवायचं

मूळ रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि मूळ फाइल 'रीड ओन्ली' करा. एडिटिंग नेहमी प्रतीवरच करायचं.

सॉफ्टवेअर कोसळल्यावर प्रोजेक्ट लगेच उघडू नका. आधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ऑडॅसिटीचं उदाहरण घ्या. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून तिचा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतो, आणि आतून ती फाइल म्हणजे एक डेटाबेस असतो. प्रोजेक्ट उघडा असताना शेजारी 'वॉल' नावाची आणखी एक फाइल तयार होते. नुकतंच केलेलं काम आधी तिच्यात जातं. सॉफ्टवेअर नीट बंद झालं तर ती आपोआप जाते, कोसळलं तर मागे राहते. कचरा समजून ती उडवली तर शेवटचं काम तिच्यासोबत गेलं. वीज अचानक गेली तरी हेच लागू.

नेमकं झालं काय

"क्रॅश झालं" हे निरीक्षण नाही, ती तक्रार आहे. तीन गोष्टी वेगळ्या करा.

१. सॉफ्टवेअर स्वतःच बंद झालं. बहुधा प्लगइन, ड्रायव्हर किंवा बिघडलेली फाइल.
२. पडदा गोठला, पण बंद झालं नाही. बहुधा डिस्क किंवा मेमरी. कधी कधी ते नुसतं कामात असतं. दहा मिनिटं थांबून बघा.
३. सॉफ्टवेअर चालू आहे, पण आवाज तुटक येतोय. हा क्रॅशच नाही, बफर लहान पडतोय. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद. तेवढ्यात संगणकाला पुढचा तुकडा तयार करता आला नाही की आवाज तुटतो. बफर १०२४ करून बघा.

मग वहीत लिहा: कोणती फाइल, किती लांबीची, कोणती क्रिया, कितव्या मिनिटाला, शेजारी काय उघडं होतं. तीच कृती पुन्हा केल्यावर पुन्हा कोसळतंय का? पुन्हा घडवता आलं तर अर्धी लढाई जिंकली. घडलं नाही, तर बदललेलं काय ते वहीतच सापडेल.

हिशोब करून बघा

आपलं जागरण सहा तासांचं आहे असं धरा. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्ये काम करते. ४८,००० नमुने गुणिले ४ बाइट गुणिले २ चॅनल, म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट. तासाला सुमारे १.३८ जीबी, सहा तासांना ८.३ जीबी. आता पूर्ण ट्रॅकवर गोंगाट कमी केला, आवाजाची पातळी नीट केली, इक्वलायझर लावला. प्रत्येक वेळी 'अनडू'साठी जुनं रूपही जपलं जातं. मूळ धरून चार प्रती, म्हणजे ३३ जीबी! प्रोजेक्ट सेव्ह केलेला नसेल तर हे सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये, म्हणजे बहुतेकदा सी ड्राइव्हवर जातं. तिथे २० जीबी मोकळे असतील तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा हिशोब. साध्या वेव्ह फाइलमध्ये स्वतःचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून तिची मर्यादा ४ जीबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असेल तर चार तास आठ मिनिटांच्या आसपास ती भरते. सहा तासांची एकच वेव्ह फाइल एक्सपोर्ट केली तर व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अर्धवट उघडू शकते किंवा त्यालाच खाली पाडू शकते. उपाय सोपा: तासाचे तुकडे करा. गाण्यांची सूची करायलाही ते बरं पडतं.

एका वेळी एकच बदल

हिशोबात कारण सापडलं नाही तर संशयितांची यादी करा आणि स्वस्त चाचणी आधी घ्या.

*फाइल:* दुसरी, लहान फाइल उघडा. ती चालली तर दोष पहिल्या फाइलकडे. मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज आधी वेगळा काढून ४८ किलोहर्ट्झच्या वेव्हमध्ये बदला आणि मग एडिट करा.

*उपकरण:* ब्लूटूथ हेडफोन काढा, साधे वायरचे लावा. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की उपकरण आपला सँपल रेट बदलू शकतं.

*प्रोजेक्टची जागा:* ऑनलाइन सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू प्रोजेक्ट ठेवू नका. एकाच फाइलला दोघे हात घालतात.

*प्लगइन:* पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन मुख्य सॉफ्टवेअरच्याच प्रक्रियेत चालतं, म्हणून ते पडलं की घरही पडतं. १६ प्लगइन असतील तर एकेक तपासू नका. आठ बंद करा. तरी कोसळलं तर दोषी उरलेल्या आठांत. मग चार, दोन, एक. चार चाचण्यांत उत्तर. मात्र दोष एकाच प्लगइनमध्ये आहे हे इथे गृहीत धरलंय. दोघांच्या भांडणातून तो आला असेल तर ही युक्ती फसते.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'अॅप्लिकेशन' नोंदींत 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' बघा. तिथे प्लगइनचं किंवा ड्रायव्हरचं नाव दिसलं तर मोठा सुगावा. पण विंडोजच्या स्वतःच्या फाइलचं नाव दिसलं म्हणून विंडोजला दोष देऊ नका. प्रेत जिथे सापडलं तिथेच खून झाला असं नसतं. सहसंबंध आणि कारण यांतला फरक पुस्तकात आपण वाचलेला असतो, इथे तो हाताला लागतो.

प्रबंधात काय लिहाल

कारण सापडलं की वही मिटू नका. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणती प्रक्रिया कोणत्या क्रमाने केली, हे पद्धतीच्या प्रकरणात जायला हवं. हा नुसता उपचार नाही. गोंगाट कमी करताना आपण सॉफ्टवेअरला गोंगाटाचा एक नमुना देतो. त्या नमुन्यात तुणतुण्याचा सतत वाजणारा सूर आला तर सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाट समजतं आणि पूर्ण गाण्यातून पुसट करतं. उद्या कुणी तुमचा व्हिडिओ ऐकून "अणदूरच्या जागरणात तुणतुणं मागे पडलंय" असा निष्कर्ष काढला तर तो खंडोबाच्या अंगणातला नसेल, तुमच्या सेटिंगमधला असेल.

म्हणून अभिलेखासाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची अस्पर्श प्रत वेगळी ठेवा आणि व्हिडिओसाठी केलेली प्रत वेगळी. दोन्हींच्या नावात तारीख आणि आवृत्ती घाला. आज एक वही घ्या, पाच रकाने आखा: तारीख, काय केलं, काय झालं, काय बदललं, निकाल. पुढच्या वेळी पडदा काळा झाला की घाबरून बटणं दाबण्याआधी त्यात एक ओळ लिहा.